आधी आजीची शाल, मग बाकीचं घर: हिवाळी समारंभासाठी जुळणारे, अंगभर कपडे

हिवाळ्यात घरचा समारंभ ठरला की कपड्यांचा विषय निघतो, आणि बहुतेक वेळा तो चुकीच्या टोकाने निघतो. कुणीतरी फोनवर एक फोटो दाखवतं: दहा माणसं, दहा लाल स्वेटर, पायाशी बसलेल्या कुत्र्यालाही तसलाच. मग त्या एका स्वेटरची दहा मापं शोधण्यात पंधरवडा जातो. समारंभाच्या दिवशी आजोबांच्या मानेला लोकर टोचते, बाळ घामाने निथळतं, मोठ्या मुलीला बाही आखूड वाटते म्हणून ती सगळा वेळ हात पोटाशी घेऊन बसते, आणि कुत्रा कोपऱ्यात शेपूट घालून उभा राहतो.

मी गेली काही वर्षं आमच्या मोठ्या कुटुंबाचे कपडे जमवते आहे. त्यातून एक गोष्ट पक्की कळली. ज्याच्यापुढे पर्याय सगळ्यात कमी असतात, त्याच्यापासून सुरुवात करायची. आमच्याकडे ती आजी असते. तिला एकच शाल सोसते, दाट शेवाळी रंगाची, कडेला मातकट पिवळी रेघ. बाकीचे सगळे त्या शालीशी जुळवून घेतात. तुमच्याकडे ते तान्हं बाळ असेल, त्वचेचा त्रास असणारं कुणी असेल, किंवा तांबूस केसांची मांजर असेल. त्यांना बदलता येत नाही, म्हणून आराखडा त्यांच्याभोवती आखायचा.

पहिली पायरी: विचारा आणि लिहून घ्या

समारंभाच्या महिनाभर आधी एक वही घ्या आणि प्रत्येकाला चार गोष्टी विचारा. बाही कुठपर्यंत हवी, लांबी कुठपर्यंत, गळा किती बंद, आणि डोकं झाकायचं आहे का. अंगभर कपड्यांची व्याख्या एका घरातही सगळ्यांची एक नसते. एखाद्या काकूला मनगटापर्यंत बाही हवी असते, तिच्याच मुलीला कोपराखाली चार बोटं पुरतात. पुरुषांनाही हे विचारायचं असतं आणि ते सहसा कुणी विचारत नाही. कित्येकांना अंगाला चिकटणारी पँट किंवा उघडा गळा नकोसा वाटतो, पण बोलून दाखवत नाहीत. ज्याची मर्यादा त्याने ठरवायची. आपलं काम ती पाळून कपडे जुळवायचं.

वयात येणाऱ्या मुलामुलींना एकटं गाठून विचारा. चारचौघांत ते ‘चालेल’ म्हणतात आणि त्या दिवशी अवघडून बसतात.

सोबत आणखी एक रकाना ठेवा: काय टोचतं, काय उकडतं, काय जड होतं. लोकर टोचते म्हणजे दर वेळी ॲलर्जीच असते असं नाही. लोकरीचा तंतू साधारण ३० मायक्रॉनपेक्षा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाड असला, की त्याचं टोक वाकत नाही आणि त्वचेला रुततं. मेरिनो मेंढीच्या लोकरीचे तंतू याहून बरेच बारीक असतात, त्यामुळे ती अंगाला लागली तरी सहसा टोचत नाही. तीही नको असेल तर आत पूर्ण बाहीचा, बंद गळ्याचा सुती कपडा घालायचा आणि मग वरून आवडीचा स्वेटर.

दुसरी पायरी: रंग तीनच, कापड ज्याचं त्याचं

सगळ्यांनी एकच कपडा घालण्यापेक्षा सगळ्यांनी एकाच रंगकुटुंबातलं काहीतरी घालावं, हे माझं ठाम मत आहे. एकसारखे कपडे गणवेशासारखे दिसतात आणि नंतर वापरातही येत नाहीत. रंग जुळवले तर निम्मे कपडे घरातच सापडतात.

तीन रंग ठरवा. एक शांत रंग, तो सगळ्यात जास्त दिसेल. एक त्याचा जोडीदार. आणि एक उठावाचा, अगदी थोडा. घरसजावट करणारे ६०, ३० आणि १० टक्के असं प्रमाण सांगतात, ते इथेही उपयोगी पडतं. आजीच्या शालीतून आम्हाला शेवाळी, मातकट पिवळा आणि फिका तपकिरी असे तीन मिळाले. शेवाळी बऱ्याच जणांकडे होता. फिका तपकिरी पँट, स्कर्ट आणि शालींतून आला. पिवळा फक्त मुलांच्या कानटोप्या, एकाचा मफलर आणि कुत्र्याचा रुमाल एवढाच ठेवला. उठावाचा रंग लहान मापाच्या गोष्टींत शोभतो. उंच, भरल्या अंगाच्या माणसाला तो पायापर्यंत दिला, की फोटोत दुसरं काही दिसत नाही.

प्राण्याच्या अंगावरचे केस हाही एक रंग आहे, तो हिशेबात धरा. तपकिरी कुत्रा असेल तर तपकिरी रंग घरात आलेलाच आहे. काळी मांजर काळ्या स्कर्टवर बसली की फोटोत नुसते डोळे दिसतात. तिला फिक्या रंगाचे कपडे घातलेल्या माणसाच्या मांडीवर द्या.

आता खरी अडचण. रंग निवडले जातात दुपारी, खिडकीपाशी आणि समारंभ असतो संध्याकाळी, दिव्यांच्या उजेडात. उजेडाचा रंग केल्विनमध्ये मोजतात, आकडा जितका लहान तितका उजेड पिवळसर. घरातल्या पिवळसर दिव्याचा प्रकाश साधारण २७०० केल्विनचा असतो, भर दुपारचा ५५०० च्या आसपास. दोन कापडांचे रंग वेगवेगळ्या रंगद्रव्यांनी बनलेले असले, तर एका उजेडात ती एकसारखी दिसतात आणि दुसऱ्या उजेडात फटकून वेगळी पडतात. गडद निळा आणि काळा पिवळ्या दिव्याखाली एकच वाटतात, आणि सकाळी कळतं की वर काळं, खाली निळं होतं. म्हणून सगळे कपडे एका पलंगावर पसरा, एकदा दिवसा बघा आणि एकदा रात्री दिवा लावून.

‘सगळ्यांनी पांढरं घालू’ हा बेत सोपा वाटतो, पण फसवा आहे. लोकरीचा नैसर्गिक पांढरा पिवळसर असतो. गिरणीतून आलेल्या पांढऱ्या सुती कापडात बहुधा चकाकी आणणारी रसायनं असतात. ती उजेडातले अतिनील किरण शोषून निळसर प्रकाश बाहेर टाकतात. हे दोन पांढरे शेजारी आले की लोकर मळकी दिसते. पांढऱ्याऐवजी मुद्दाम सायीचा, मोतिया, फिका बदामी असे उतरते रंग घ्या.

पोताबद्दल थोडंसं. मखमल, कॉर्डरॉय, जाड विणीची लोकर, फ्लॅनेल ही हिवाळ्याची कापडं शेजारी शेजारी छान दिसतात, रंग एकच असला तरी. मखमलीला मात्र दिशा असते. हात एकीकडे फिरवला तर ती उजळ दिसते, उलटा फिरवला तर गडद. दोन बहिणींचे मखमली झगे शिवून घेत असाल तर दोन्हींची लव एकाच दिशेला ठेवायला शिंप्याला आधीच सांगा. आणि अगदी बारीक रेघांचे शर्ट टाळा, फोटोत त्यांच्यावर लाटा उठल्यासारख्या दिसतात.

तिसरी पायरी: थर असे लावा की एक काढला तरी अंगभरच राहील

नवख्या माणसाची सगळ्यात मोठी चूक इथे होते. बाहेर थंडी असते, म्हणून वर जाड कोट किंवा स्वेटर आणि आत काहीतरी पातळ, आखूड बाहीचं. पंचवीस माणसं एका खोलीत जमली की अर्ध्या तासात उकडायला लागतं. वरचा थर काढावा तर आतलं दाखवण्यासारखं नाही, आणि नाही काढला तर घाम.

म्हणून आतला थर हाच खरा पोशाख धरा. बाही, गळा, लांबी आणि रंग, चारही गोष्टी त्याच थरात पूर्ण झाल्या पाहिजेत. त्याच्या आत हवं तर थर्मल. वर लोकरीचा स्वेटर किंवा बिनबाह्यांचं जाकीट. सगळ्यात बाहेर शाल किंवा कोट, जो आल्या आल्या काढून ठेवता येईल. ऊब देते ती थरांमध्ये अडकलेली हवा, त्यामुळे थर एकमेकांवर आवळून बसले तर फायदा उरत नाही. सैल, अंगभर कपडे आवडणाऱ्यांची इथे सोय आहे. लांब बाहीखाली थर्मल दिसत नाही आणि घेरदार स्कर्टखाली लोकरी पायमोजे सहज लपतात.

लोकरीचा आणखी एक गुण म्हणजे ती स्वतःच्या वजनाच्या साधारण ३० टक्क्यांपर्यंत बाष्प शोषून घेते आणि तरी ओली वाटत नाही. सुती कापड घामाने भिजलं की भिजलेलंच राहतं आणि बाहेर पडल्यावर गार लागतं. ज्यांना खूप घाम येतो त्यांच्यासाठी आतला थर सुतीपेक्षा पातळ मेरिनोचा बरा.

कपडा अंगावर आला, की आरशासमोर नुसतं उभं राहून भागत नाही. दोन्ही हात वर करा, जणू माळ्यावरून डबा काढताय. वरचा कपडा कमरेच्या वर सरकतो का? खुर्चीवर बसा, मग जमिनीवर बसा, स्कर्ट किंवा झगा किती वर येतो ते बघा. वाका, लहान मुलाला उचलल्यासारखं करा, गळा पुढे पडतो का? शेवटी पाठीमागे जोराचा दिवा ठेवून कुणाला तरी समोरून बघायला सांगा. घरात दाट वाटणारं कापड फोटोच्या फ्लॅशमध्ये झिरझिरीत निघतं.

काही कमी पडलं तर नवीन घ्यायची गरज नसते. शिवणीत माया, म्हणजे आत दुमडलेलं जादा कापड, असेल तर उसवून बोटभर लांबी मिळते. खाली त्याच रंगकुटुंबातली पट्टी लावता येते. गळा पुढे पडत असेल तर आतून एक टिचबटण लावा. कापड आरपार दिसत असेल तर अस्तर, तेही जमलं नाही तर आत त्याच रंगाची पूर्ण बाहीची बनियन. पायमोजे घेताना डेनियर बघा. डेनियर म्हणजे ९००० मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन, आकडा जितका मोठा तितका मोजा दाट. ८० च्या पुढचे घेतले तर पाय दिसत नाहीत.

हिवाळ्याची कोरडी हवा आणखी एक घोटाळा करते. पॉलिस्टरचा स्कर्ट नायलॉनच्या मोज्यांवर घासला की स्थिर वीज तयार होते आणि सगळा घेर पायांना चिकटतो. इतक्या कष्टाने सैल कपडे निवडायचे आणि ते असे अंगाला बसायचे, हे फार त्रासाचं होतं. त्यावर उपाय म्हणजे आत सुती परकर किंवा सुती अस्तर. अगदी ऐन वेळी झालं तर हाताला किंचित पाणी लावून तो मोज्यांवरून फिरवा.

चौथी पायरी: तान्ही, लहान आणि वयस्क माणसं

बाळाचे हात गार लागले म्हणून आणखी एक थर चढवू नका. लहान बाळांचे हातपाय गार असणं नेहमीचंच. मानेच्या मागे किंवा छातीवर हात लावा. तिथे उबदार आणि कोरडं असेल तर पुरे, ओलसर असेल तर एक थर काढा. बाळ झोपलं की घरात टोपी काढून ठेवा. गाडीतल्या बाळाच्या खुर्चीत फुगीर जाकीट घालून पट्टे लावू नका, कारण धक्का बसला तर जाकीट दबतं आणि पट्टे सैल पडतात. पट्टे अंगाशी नीट लावून वरून पांघरूण घाला.

मुलांच्या टोपीच्या जाकिटाला गळ्याशी नाडी असेल तर ती ओढून काढूनच टाका. ती दारात, झोपाळ्यात अडकून गळ्याला फास बसण्याचा धोका असतो. समारंभात दिवे, मेणबत्त्या असतील तर पसरट बाह्या आणि लोंबती टोकं मुलांना नकोत. फ्लीस आणि इतर कृत्रिम कापडं आगीने वितळून त्वचेला चिकटतात. लोकर सहज पेट घेत नाही.

वयस्कांसाठी कपडा पुढून उघडणारा हवा, कारण डोक्यातून घालताना खांदे दुखतात. खालची कड घोट्याच्या वर असावी, पायात येऊ नये. तळाला पकड असलेले मोजे त्याच तीन रंगांत मिळाले तर उत्तमच.

पाचवी पायरी: कुत्रा, मांजर आणि बाकीचे

पहिल्या वर्षी आम्ही आमच्या कुत्र्याला लोकरीचा स्वेटर विणला होता, गळ्याशी एक घुंगरू. घातल्यावर तो दाराशी उभा राहिला तो वीस मिनिटं जागचा हलला नाही. पाहुणे म्हणाले, किती शहाणा झालाय! तो शहाणा झालेला नव्हता, थिजला होता. कान मागे, शेपटी पोटाशी, डोळ्यांचा पांढरा भाग कडेने दिसत होता आणि तो सारखा ओठ चाटत होता. स्वेटर काढला तसं त्याने नाकापासून शेपटीपर्यंत अंग झटकलं आणि पाण्याच्या भांड्याकडे पळाला. ते बघून फार वाईट वाटलं. तेव्हापासून प्राण्याच्या कपड्यांचा विचार मी शोभेच्या आधी त्याच्या बाजूने करते.

आधी त्याला कपड्याची गरज आहे का ते बघा. कुत्र्याच्या शरीराचं तापमान साधारण ३८.३ ते ३९.२ अंश सेल्सिअस असतं, म्हणजे आपल्याहून जास्त. दाट दुहेरी केसांच्या कुत्र्याला गर्दीच्या खोलीत कपडा म्हणजे शिक्षा आहे. त्याला घाम गाळून गार होता येत नाही, मुख्यतः धापा टाकूनच उष्णता बाहेर टाकावी लागते. चपट्या नाकाच्या कुत्र्यांना तेही नीट जमत नाही. आखूड केसांचे, सडपातळ, अगदी लहान किंवा म्हातारे कुत्रे यांना मात्र बाहेर पडताना खरंच थंडी वाजते आणि त्यांना अंगरखा उपयोगी पडतो.

अंगरखा करायचाच असेल तर तीन मापं घ्या: मानेचा घेर, पुढच्या पायांमागे छातीचा सगळ्यात रुंद घेर, आणि मानेच्या मुळापासून शेपटीच्या मुळापर्यंत पाठीची लांबी. माप कुत्रा उभा असताना घ्यायचं. छातीचं माप महत्त्वाचं, बाकी थोडं इकडेतिकडे चालतं. घातल्यावर कापड आणि अंग यांमध्ये दोन बोटं सहज गेली पाहिजेत. काखेत कापड घासू नये, शेपटी आणि कान मोकळे राहावेत, कारण तो त्यांनीच बोलतो. नर कुत्र्याच्या पोटाखालचं कापड मागे आखूड ठेवा, नाहीतर लघवीने भिजतं. बटणं, मणी, घुंगरं, चमकी काही नको. चावून गिळली जातात, आणि कुत्र्या-मांजरांना आपल्याहून कितीतरी बारीक, उंच पट्टीतले आवाज ऐकू येतात. गळ्याशी सतत घुंगरू वाजणं त्यांना सुखाचं नसणार.

सवय दोन-तीन आठवडे आधीपासून लावा. पहिल्या दिवशी नुसता वास घेऊ द्या. मग पाठीवर ठेवा, आवडता खाऊ द्या, उचला. मग एक मिनिट घाला, मग पाच. थिजला, जांभया देऊ लागला, जमिनीवर अंग घासू लागला तर मागच्या पायरीवर या. दोन आठवड्यांनंतरही तेच होत असेल तर विषय सोडून द्या.

आम्ही सोडला. आता त्याला पट्ट्यात ओवलेला तिकोनी सुती रुमाल असतो, मातकट पिवळा, आजीच्या शालीतल्या रेघेच्या रंगाचा. उरलेल्या अस्तरातून दहा मिनिटांत झाला आणि त्याचं त्याला काही वाटत नाही. योगायोग असा, की कुत्र्याला निळा आणि पिवळा हेच रंग नीट ओळखता येतात. लाल त्याला मळकट तपकिरीसारखा दिसतो.

मांजरीला कपडे घालू नका, असं मी स्पष्ट सांगेन. बऱ्याच मांजरी अंगावर कापड आलं की आडव्या होतात किंवा मागे मागे सरकत राहतात. तिच्यासाठी ओढ बसल्यावर आपोआप सुटणारा पट्टा घ्या, तुमच्या तीनपैकी एका रंगाचा. फीत, चमचमती झालर, लोकरीचा धागा तिच्या आसपासही नको. तो गिळला गेला तर आतड्यात अडकून शस्त्रक्रियेची वेळ येते. सशाला किंवा पक्ष्याला अंगावर काहीही घालायचं नाही. ससा घाबरतो आणि त्याला उष्णता सोसत नाही, पक्ष्याची पिसं बिघडतात. त्यांना सामील करून घ्यायचं तर पिंजऱ्याजवळ, पण चोच किंवा दात पोचणार नाहीत इतक्या अंतरावर, त्या रंगाचं कापड पसरा.

केसांचं काय? मखमल आणि लोकर केस धरून ठेवतात, घट्ट विणीचं गुळगुळीत कापड झटकलं की साफ होतं. प्राण्याला मांडीवर कोण घेणार ते आधी ठरवा आणि त्या माणसाला असं गुळगुळीत कापड द्या.

सहावी पायरी: कपाट उघडा, धुवा, घालून बघा

लोकरी कपडे दोन आठवडे आधी बाहेर काढा. कसरीची अळी लोकर खाते, म्हणून काखा, कॉलर आणि घड्यांच्या रेषा उजेडात धरून बघा, बारीक भोकं तिथेच असतात. डांबरगोळ्यांचा वास जाईपर्यंत कपडे वाऱ्यावर टांगा. त्यातलं नॅप्थलीन लहान मुलांना आणि प्राण्यांना घातक आहे, तेव्हा गोळ्या कुठे घरंगळल्या नाहीत ना तेही बघा. लोकर कोमट, ३० अंशांच्या आतल्या पाण्यात, न चोळता धुवा आणि आडवी पसरून वाळवा. गरम पाण्यात चोळली तर तंतूंवरचे खवले एकमेकांत अडकतात, कपडा आटतो आणि तो पुन्हा पूर्वीसारखा होत नाही.

समारंभाच्या चार-पाच दिवस आधी सगळ्यांनी सगळं घालून अर्धा तास घरात वावरा. बुटांसकट. या अर्ध्या तासात जे कळतं ते आरशात कळत नाही. आमच्या एका भाच्याचा मफलर त्या दिवशी चार वेळा ताटात पडला, मग त्याला पिवळे मोजे दिले. शिवणटिपणाला हे चार दिवस हाताशी राहतात.

त्या दिवशी

मोठे आधी तयार होतील, मग मुलं, आणि सगळ्यात शेवटी बाळ आणि प्राणी. एका पिशवीत बाळाचा जादा जोड, दोन टिचबटणं, सुईदोरा, केस काढायचा चिकट रोलर आणि एक जादा शाल ठेवा. ही शाल कुणाचं काही सांडलं, उसवलं किंवा आखूड वाटलं तर अंगावर घ्यायला. सेफ्टी पिना बाळाच्या आणि प्राण्याच्या कपड्यांत वापरू नका.

फोटो पहिल्या अर्ध्या तासातच काढा. तोवर घड्या ताज्या असतात, मुलं चिडलेली नसतात आणि कुत्रा अजून पाहुण्यांच्या गर्दीला कंटाळलेला नसतो. आजीला मध्ये बसवा, शालीची रेघ दिसेल अशी. फोटो झाला की कुत्र्याचा रुमाल सोडा, त्याला पाणी द्या आणि दार लावून घेता येईल अशा खोलीत त्याचं अंथरूण घाला. मांजर बहुधा तिथे आधीच जाऊन बसलेली असेल.